गट नंबर एकशेबारातला खांब

कासुंगूजवळचा कॅम्प, मलावी
१२ जानेवारी २०२५

दत्तराव मामांना महारुद्रचा लांबून, पण वाकून नमस्कार.

मामा, तुमी सांगितलं हुतं की पोरीला फोन करायचा न्हाई, जे काय बोलायचं ते मला कागदावर लिहून बोलायचं. म्हणून लिवायलोय. आठवीनंतर हातात पेन धरला न्हाई, पक्कड धरली, तवा अक्षराला नावं ठिवू नका. शनिवारी सामान आणायला बाजारगावात गेलो की रेंज येती, तवा कागदाचा फोटो काढून निकिताच्या मोबाईलवर टाकतो. आता हे तिला फोन केल्यात धरायचं का, ते तुमीच ठरवा. तुमच्या डबड्या फोनात फोटो येत न्हाई, ह्यात माझा कसूर न्हाई.

हितं काम जोरात हाय. दिवसाला चौदा खांब उभे करायलोय. खांब लाकडी, काळं तेल पाजलेले. इथल्या गावांच्या डोक्यावरून मोठ्या टावरची लाईन कधीपासून जाती, पण खाली घरात रॉकेलची चिमणीच. आपल्याकडं येलदरी धरणाची वीज आमच्या रानावरून जाती आन आखाड्यावर, रानातल्या घरांत, अंधार, तसंच. आमी त्या घरांत कनेक्शन द्यायलोय. वीजंला हितं मागेत्सी म्हणत्यात. परवा एका घरात बल्ब लावला, तर घरातल्या म्हातारीनं वर छताकडं बघितलं आन पहिल्यांदा झाडू घेतला. एवढी जाळी झालीत हे तिला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं.

गँगमधी माझं नाव 'टेप' पडलंय. घरात कनेक्शन देताना मी हरेक सांध्याला तीन येढे टेप गुंडाळतो. मुकादम म्हणतो एक येढा बास. मी ऐकत न्हाई. माझा जोडीदार चिकोंडी म्हणतो, ह्याला रीळ दिलं तर हा खांबालाबी गुंडाळंल.

तुमीच मुकादमाला माझं नाव सुचवलं हुतं. तुमी म्हणला, हे पोरगं माकडावानी चढतंय, घेऊन जा. माझ्या भल्यासाठी म्हणला का तुमच्या पिंगळी सेक्शनच्या लाईनीच्या भल्यासाठी, ते मी अजून इचारलं न्हाई.

आता मुद्द्याचं. दिवाळीत माझी आई सारजाबाई तुमच्याकडं निकितासाठी शब्द टाकायला आली, तवा तुमी म्हणला, "ज्या घरात मीटर न्हाई, त्या घरात माझी पोरगी जाणार न्हाई. तीस वर्षं वायरमनकी करून लोकांच्या घरात उजेड नेला, आन माझी लेक काय चिमणीपुढं भाकऱ्या थापंल?" एकदम बरोबर. पण मामा, रानातली आमची सहा घरं, लाईनीपासून नऊ खांब लांब. दरख्वास्त देऊन दोन वर्षं झाली. मी परक्या मुलखात घरांमागं घरं उजेडात आणायलोय, आन माझी आई मोबाईल चार्ज करायला पिंगळीच्या टेशनावर जाऊन बसती. तुमची त्या ऑफिसात अजून वट हाय. एक शब्द टाकला तर?

तुमचा महारुद्र

*

पिंगळी
२६ जानेवारी

(अप्पांच्या उजव्या हाताने लिहिणं होत नाही हे तुला माहीत आहे. ते सांगतात तसंच मी लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे केला तर मला उपाशी ठेवणार आहेत. निकिता)

महारुद्र, पत्र पोचलं. पहिली गोष्ट, मला मामा लिहू नको. तुझी आई माझ्या चुलत्याच्या साडूच्या गावची, एवढ्यावर कोणी कोणाचा मामा होत नसतो. मामा म्हणलं की मामाची पोरगी आलीच, हे मला कळत न्हाई असं समजू नको. सगळा गाव अप्पा म्हणतो, तूबी अप्पा लिही.

दुसरी गोष्ट, दिवसाला चौदा खांब हे खोटं. आणि खरं असलं तर त्याहून वाईट, कारण मग तुमी खड्डे उथळ खांदायलात. खांबाचा सहावा हिस्सा जमिनीत पाहिजे. दोरीनं मोजत जा.

तिसरी, शर्त हाय ती हाय. मीटर पाहिजे. तारंवर चोरीचा आकडा चालणार न्हाई. तू ह्या सेक्शनमधला एक नंबरचा आकडेबहाद्दर हुतास. तुझ्या आकड्यापायी मी तीन जळक्या डीपी बदलल्यात, त्यातली एक ऐन पोळ्याच्या दिवशी. ऑफिसात मी शब्द टाकणार न्हाई. रिटायर माणसानं तिथं जाऊन बसलं की लोक चहा पाजतेत आणि पाठीमागं हसतेत.

टेपचं वाचलं. ते दोनदा वाचून घेतलं. तीन येढे बरोबर हायत.

दत्तराव

*

(हा फोटो वेगळा. कागदाची मागची बाजू अप्पांनी बघितलेली नाही.)

पूर्ण्याचं एक स्थळ आलंय. मुलगा रेल्वेत आहे, क्वार्टरला मीटर आहे, आणि फॅन तीन. अप्पांनी मुलाच्या आईला पहिलाच प्रश्न विचारला, "अर्थिंग नीट हाय का?" ती बिचारी म्हणाली, "नाही हो, पोराला तसलं काही नाही." त्यांना अक्षय तृतीयेच्या आत उत्तर पाहिजे.

मला तीन फॅनची हवा नको आहे. पण हे अप्पांच्या तोंडावर सांगायचं तर तुझ्या घरात निदान एक बल्ब तरी लागू दे. बाकी सगळं मी बोलते.

नि.

*

कासुंगू कॅम्प
९ फेब्रुवारी

निकिता,

हे पान एकट्या तुझ्यासाठी. अप्पांनी इचारलं तर सांग, सामानाची यादी चुकून आली.

तीन फॅन कशाला लागत्यात एका माणसाला? त्याला ताप येतो का काय, बघून घे.

एक काम कर. ऑफिसात जा आन आमच्या आखाड्याची फाईल कुठं अडकली ते बघ. मी गेलो की मला दारातूनच म्हणायचे, साहेब जेवायला गेलेत. सकाळी दहालाबी जेवायला गेलेले असायचे. तू बी.ए.ला हायस, तुला ताई म्हणतील आन खुर्ची देतील. इंग्रजीत एखादा शब्द टाकलास तर पंखाबी लावतील.

अक्षय तृतीयेला किती दिवस राहिलेत ते मी खांबावर खडूनं लिहून ठिवलंय. मुकादमाला वाटतं मी कामाचा हिशोब ठिवायलोय, म्हणून खूश हाय.

म.

*

पिंगळी
२१ फेब्रुवारी

महारुद्र,

उभा असशील तर बस. खांबावर असशील तर आधी खाली उतर.

मी ऑफिसात गेले. खुर्ची दिली, पंखा मात्र बंद होता, लाईट गेलेली. योगीराज म्हणून तिथले क्लार्क आहेत. फाईल शोधून म्हणाले, "ताई, ह्या आखाड्याचे नऊ खांब तर दीड वर्षापूर्वीच मंजूर झालेत. पाचव्या खांबाला हरकत आली, म्हणून थांबलंय. गट नंबर एकशेबारा."

"हरकत कोणाची?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "अक्षर बघा किती मोत्यासारखं. असे अर्ज आता येत नाहीत हो."

अक्षर माझं होतं, महारुद्र.

गट एकशेबारा म्हणजे कॅनॉलच्या कडेचं आमचं अर्धा एकर. 'माझ्या शेतातून कोणतीही लाईन नेण्यास माझी हरकत आहे', खाली अप्पांचा डाव्या हाताचा अंगठा. मला आता सगळं आठवलं. अप्पा दवाखान्यातून नुकतेच आले होते, हाताला पट्टी होती. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तेव्हा शेजारच्या शेताच्या भगवानरावांच्या बोअरच्या लाईनीवरून बांधाचं भांडण चालू होतं. मला वाटलं, त्याचाच अर्ज आहे. तुमच्या आखाड्याचा रस्ता तिथूनच जातो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणजे बघ. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खांब रोवले, त्याने स्वतःच्या शेतात खांब अडवला. आणि वर शर्त घातली की मीटर आणा. आणि हे सगळं लिहून दिलं मी.

घरी येऊन मी स्वयंपाकाला लागले. फक्त वरणात मीठ टाकलं नाही. अप्पांनी गुमान खाल्लं. एरवी मिठाचा खडा कमी पडला तर सगळ्या गल्लीला कळतं. म्हणजे त्यांच्याही पोटात काहीतरी आहे. सरळ विचारलं तर 'माझं शेत, माझी मर्जी' म्हणतील आणि विषय खलास. तू काहीतरी डोकं लढव. शाळेत नाही लढवलंस, आता लढव.

निकिता

*

कासुंगू कॅम्प
२ मार्च

अप्पांना नमस्कार. (मामा लिहिलं न्हाई, बघा.)

खड्डे मोजले. तुमचं खरं निघालं, चार खड्डे उथळ हुते. पुन्हा खांदले. मुकादमानं शिव्या दिल्या, त्या तुमच्या नावानं जमा केल्या.

आता एक अडचण आलीय, ती तुमच्याशिवाय कोणाला सुटणार न्हाई. हितं एक आगोगो, म्हंजे आजीबाई हाय. तिच्या शेताच्या पलीकडं सहा घरं अंधारात हायत. मधी एकच खांब तिच्या शेतात येतो. ती म्हणती, रोवू देणार न्हाई. का, तर म्हणती खांबाच्या सावलीत हरभरा धरत न्हाई. आता खांबाची सावली ती केवढी? म्हणती, माझं शेत, माझी मर्जी. गंमत अशी की आजीबाईचा सगळा जन्म लोकांच्या भल्यात गेलाय. दुसऱ्याच्या घरात उजेड यावा म्हणून हिनंच भांडणं केलीत. आन आता हीच आडवी.

मुकादम म्हणतो, पोलीस आणू. मी म्हणलो थांबा, आमच्याकडं तीस वर्षांचा जाणता माणूस हाय, त्याला इचारू. तर अप्पा, अशा माणसाचं काय करावं?

महारुद्र

*

(निकिता, हे तुला. आजीबाई न्हाईच. हितले लोक खांब आमच्याच दारात रोवा म्हणून आमच्या मागं लागत्यात. अप्पा जे औषध सांगतील तेच त्यांना पाजायचं. वाचताना तोंड सरळ ठिव.)

*

पिंगळी
१६ मार्च

महारुद्र, आजीबाईचं वाचलं. बाईमाणसावर पोलीस घालायचे न्हाईत, हे त्या मुकादमाला सांग आणि माझ्या नावानं शिव्या देणं बंद कर म्हणावं.

तीस वर्षांत मला एकबी माणूस असा भेटला न्हाई ज्याला खांब नको हुता. कोणाचं वाटंचं भांडण असतंय. कोणाला लग्नाच्या पंगतीला बोलावलेलं नसतंय. खांब बिचारा गप उभा राहतो, त्याच्यावर राग काढायला सोपा. म्हणून सावलीवर वाद घालत बसू नको.

आजीबाईजवळ जाऊन बस. उभं राहून बोलू नको, बस. आणि विचार, आजी, आमच्याकडून काय राहिलंय? ती सांगणार न्हाई. शहाणी असली तर मुळीच सांगणार न्हाई. मग तूच आठवून बघ. राहिलेलं कधीकधी विचारणाऱ्याच्याच खिशात असतंय.

एवढं करून बघ. न्हाई जमलं तर खांब राहू दे. अंधाराची सवय असती लोकांना.

दत्तराव

*

(मागची बाजू)

महारुद्र, मी तोंड सरळ ठेवणार होते, पण ते आपोआपच सरळ झालं. 'विचारणाऱ्याच्या खिशात' एवढं सांगून अप्पा उजव्या हाताची ती वाकडी झालेली दोन बोटं डाव्या हाताने चोळत बसले. मी म्हटलं, पुढे? तर म्हणाले, "तिकडं आजीबाईला कुठं लागलंय का, ते लिहिलं न्हाई त्यानं."

तुझ्या खिशात काय आहे? फास आपण टाकला, आणि मला वाटायलंय पाय आपलाच अडकला.

पूर्ण्याचे लोक एक तारखेला पुन्हा येणार आहेत. लवकर लिही.

*

कासुंगू कॅम्प
६ एप्रिल

अप्पा,

तीन आठवडे झाले, कागद काढायलोय आन पुन्हा घडी घालून ठिवायलोय. निकिता, हे वाचताना काहीच गाळायचं न्हाई. आन दुसरं पान आज न्हाई.

आजीबाई खोटी हाय. हरकतीचा कागद निकितानं ऑफिसात बघितला, म्हणून मी ती बाई तयार केली. निकितावर राग धरू नका, डोकं माझं.

पण राहिलेलं खरं हाय आन ते माझ्याच खिशात हाय. दोन वर्षांमागं आषाढात भगवानरावाच्या बांधावरचा आकडा काढायला तुमी गेला. गावानं भगवानरावाच्या गड्याचं नाव घेतलं. तो बिचारा नोकरी सोडून गेला. आकडा त्याचा नव्हता. माझा हुता, कॅनॉलवरच्या मोटरीसाठी टाकलेला.

वायर आईच्या धुण्याच्या तारंची, हिरवी. मधी कमी पडली म्हणून मी दोन तुकडे जोडले. टेप घरात हुती, चुलीच्या वरच्या फळीवर. उठून आणायचा कंटाळा केला. म्हणलं, गवतात कोण हात घालतंय. वायर कुठं जाती ते बघायला तुमी ती गवतातून उचलली. वरून प्लॅस्टिक असलेली वायर, कोणीबी उचलली असती. आन सांधा तुमच्या हातात आला.

दवाखान्यात तीन दिवस मी डबा आणला. तुमी म्हणला, सारजाबाईचं पोरगं गुणाचं हाय. मी गप बसलो. तुमी मुकादमाला माझं नाव सांगितलं, तवा मी कामाला आलो न्हाई, पळून आलो.

तीन येढे गुंडाळतो ते हुशारी म्हणून न्हाई. एक गुंडाळला की तुमची बोटं दिसत्यात, दुसरा गुंडाळला तरी दिसत्यात. तिसऱ्यानंतर जरा हात हलतो. चिकोंडीला वाटतं मी येडा हाय.

पूर्ण्याचं स्थळ चांगलं हाय. मी आता मागणं घालणार न्हाई, मीटर आला तरी न्हाई. तुमी म्हणाल ते. पण आखाड्यावर माझ्याशिवाय पाच घरं हायत, त्यांनी कोणाची बोटं जाळली न्हाईत. त्यांच्यासाठी खांब येऊ द्या. माझ्या घरावरून तार पुढं न्या, हवं तर.

गड्याचा पत्ता आईला काढायला सांगितलाय. त्यालाबी लिहिणार हाय.

महारुद्र

*

पिंगळी
२२ एप्रिल

महारुद्र,

हे अक्षर माझ्या डाव्या हाताचं. निकिता कॉलेजला गेली की मी दोन महिने पाटीवर गिरवायलोय. ह्या घरातल्या लिहिणारीवर आता भरोसा राहिला न्हाई. वरणात मीठबी घालत न्हाई.

हिरवी वायर मी त्याच दिवशी ओळखली. तुझ्या आईच्या अंगणात त्याच वायरीवर मी माझा टावेल वाळत घातलाय. हात भाजला तरी डोळे शाबूत हुते. गड्याचं मी गावाला तवाच सांगितलं की त्याचा आकडा न्हाई, पण कोणाचा ते सांगितलं न्हाई, म्हणून कोणाला पटलं न्हाई. तो आता पूर्ण्यात टेशनाच्या कँटीनला हाय. त्याला लिही. मी भेटून आलोय, त्यानं शिव्या तुझ्यासाठी राखून ठिवल्यात.

मुकादमाला तुझं नाव सांगितलं ते ओळखूनच. वाटलं, तिकडं शिकंल. शिकला तर बोलंल. तवर तुझ्या मीटरची वाट मी अडवून बसलो. तुझ्या अंधाराचं मला काही वाटत न्हाई, तो तुझाच हुता. पण बाकीची पाच घरं माझ्या रागापायी बसली अंधारात. तू लिहिलंस ते बरोबर हाय. मी पाचही दारात जाऊन सांगून आलो. त्यातल्या बायनाबाईनं ऐकून घेतलं, चहाबी दिला आणि त्यात साखर टाकली न्हाई. आता सगळ्या बाया हेच शिकल्यात.

आजीबाई खोटी, हे मला पहिल्या झटक्यात कळलं. तिथले लोक काय पिकवतेत मला माहीत न्हाई, पण 'खांबाच्या सावलीत हरभरा धरत न्हाई' हे भगवानरावाला मीच म्हणलो हुतो, पारावर, तुझ्यासमोर. दुसऱ्याचं वाक्य चोरायचं तर पीक तरी बदलायचं. आकडा टाकायलाबी तुला कधी आडोसा सुचला न्हाई.

हरकत मागं घेतली. अर्ज मीच लिहिला. योगीराज म्हणला, अप्पा, पहिल्या अर्जाचं अक्षर चांगलं हुतं. मी म्हणलो, मजकूर ह्याचा चांगला हाय. खांब येऊन पडलेत. पाचव्याची जागा मी दाखवली. खड्डा मी बसून मोजून घेतला. सहावा हिस्सा, वर चार बोटं. माझ्या डाव्या हाताची, सरळ.

पूर्ण्याला जाऊन आलो. क्वार्टरमधी टेस्टर लावून बघितला. अर्थिंग खराब हाय. त्यांना तसं सांगितलं, स्थळाला नकारबी त्यातच सांगून टाकला. निकितानं ऐकलं आणि रात्रीच्या वरणात मीठ बरोबर पडलं.

मीटर जूनपर्यंत येईल असं म्हणतेत, म्हणजे दिवाळी धर. तुझ्या घरातली वायरिंग दुसऱ्या कोणी करायची न्हाई. तू येऊन करायची. मी बाजंवर बसून बघणार. एक सांधा उघडा दिसला तर पोरगी माझ्याच घरात राहील आणि काठी तुझ्या पाठीवर.

येताना तिकडची टेप आण. हितली उन्हानं सुटती.

तुझा मामा
दत्तराव